तळहाताएवढी जागा

तिचं नाव मी सांगणार नाही, विचारूही नका. आमच्या अम्मीने जन्मात अब्बांचं नाव घेतलं नाही. रेशन कार्डवाल्याने विचारलं की मला पुढे ढकलायची, तू सांग रे म्हणून. लोक हसायचे, मीही हसायचो. नाव तोंडात धरून ठेवायचं म्हणजे काय असतं ते मला चोपन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही मला धरता आलं नाही म्हणून. तेव्हा म्हातारी म्हणा. मी तिला तोंडावर नानी म्हणायचो, मागे म्हातारीच.

मी साबीर, मूळचा श्रीवर्धनकडचा. तिथे बंदरावर होड्यांची नावं रंगवायचो. मुसलमानाची होडी असो की कोळ्याची, नाव मीच काढायचो, आणि अक्षर असं की खलाशी शंभर वावांवरून वाचायचे. सव्वीस वर्षांपूर्वी कुवेतला आलो. आधी एका सुताराकडे होतो, आणि गेली अकरा वर्षं इथल्या शर्क भागात शर्मिला मॅडमच्या गॅलरीत चित्रांच्या चौकटी करतो. कापडावरचं चित्र लाकडी सांगाड्यावर ताणायचं, कोपरे दुमडायचे, मागून बारीक खिळे मारायचे. ताण जास्त झाला तर रंग तडकतो, कमी झाला तर कापडाचं पोट सुटतं. एवढं काम मला येतं. चित्र काढायला येतं असं मी कधी म्हटलं नव्हतं.

मॅडम पुण्याच्या. त्यांचे यजमान सुरेशसाहेब तेल कंपनीत इंजिनिअर. कुवेतात बाकीच्या बायका साड्यांची नाहीतर दागिन्यांची प्रदर्शनं भरवतात, या बाईने भलतंच काढलं. ऑस्ट्रेलियाचे जे मूळचे लोक, ज्यांना ॲबोरिजिनल म्हणतात, त्यांची चित्रं. नुसते ठिपके. हजारो ठिपके, लाल, पिवळे, पांढरे, काळे. पहिलं चित्र उघडलं तेव्हा मी म्हणालो, मॅडम, ही तर तुमची रांगोळी. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. मला खुर्चीवर बसवलं आणि शाळेत शिकवावं तसं शिकवलं. ही रांगोळी नाही, ही जमीन आहे. वाळवंटातला एखादा पाणवठा, एखादी टेकडी. ज्याच्या घराण्याचा पाणवठा, त्यानेच तो काढायचा. शेजाऱ्याने काढायचा नाही, पुतणीलासुद्धा विचारून काढावा लागतो. परक्याने हुबेहूब काढला तरी ती चोरीच, आणि अशी चोरीची चित्रं बाजारात ढिगाने पडलीत.

म्हणून मॅडमचे नियम कडक होते. चित्र त्या लोकांनी स्वतः चालवलेल्या केंद्रातूनच आणायचं, मधला दलाल नको. सोबत कागद पाहिजे. त्यावर चित्रकाराचं नाव, चित्राचा नंबर, आणि चित्र हातात धरून काढलेला फोटो. चित्रकाराचा वाटा आधी पोचला पाहिजे, मगच भिंतीवर खिळा. एकदा दुबईहून एक सूटबूटवाला तीन चित्रं घेऊन आला. चित्रं फर्मास होती, कागद मात्र एकाचाच. मॅडमनी तिन्ही परत केली. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "विश्वास गेला की गेला, साबीरभाई. तो परत ताणून बसवता येत नाही." मला त्या दिवशी बाईचा अभिमान वाटला. घरी येऊन फरजानाला, म्हणजे माझ्या बायकोला, दोनदा सांगितलं. ती म्हणाली, ऐकलं हो, एकदाच ऐकलं तरी कळतं मला.

आणि शेवटचा नियम मॅडमचा स्वतःचा. चौकट बसली, चित्र भिंतीवर लागलं की केंद्राला व्हिडिओ कॉल करायचा. ज्याने काढलं त्याला ते इथल्या भिंतीवर कसं दिसतं ते दाखवायचं. मॅडम म्हणायच्या, लेक दिली तर तिचं घर बघायला नको का त्यांना? आमचे सकाळचे नऊ म्हणजे तिथले दुपारचे साडेतीन. फोन मी धरायचो, कारण माझा हात हलत नाही.

म्हातारीची ओळख अशीच झाली. ऐंशीच्या आसपासची, डोक्याला लोकरीची टोपी, पुढचे दोन दात नाहीत. मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवायला लागायचं, म्हणून आपला गाव सोडून शहरात राहायची. गाव आठवला की केंद्रात येऊन चित्र काढायची. तिची भाषा वेगळी, तिथली एक पोरगी इंग्रजीत सांगायची, आणि माझं इंग्रजी दुकानापुरतं आहे, पण कळायचं. पहिल्याच कॉलला म्हातारीने चित्र सोडून माझा हात बघितला. हा कोणाचा हात, विचारलं. मी तोंड दाखवलं. तिने विचारलं, चौकट करायच्या आधी काय करायचास? मी होड्यांचं सांगितलं. तिने समुद्र बघितलेला नव्हता, पण होडीवर नाव असतं याची तिला फार मजा वाटली. विचारलं, एकाच्या होडीवर दुसऱ्याचं नाव कधी लिहिलंस का? मी म्हटलं, नानी, असं केलं तर बंदरावर हाडं मोडतील माझी. ती इतकी हसली की खोकला लागला. त्यानंतर प्रत्येक कॉलला ती आधी मलाच शोधायची.

गेल्या जुलैत तिचं मोठं चित्र आलं. तिच्या बापाचा पाणवठा. केंद्रातल्या पोरीने लिहिलं होतं की एवढं मोठं ती आता पुन्हा काढणार नाही, बसवत नाही तिला. इथे बू आदिल नावाच्या गिऱ्हाइकाने ते फोटोवरूनच ठरवून टाकलं होतं. बू आदिल म्हणजे आदिलचा बाप. इथे मोठ्या माणसाला मुलाच्या नावानेच हाक मारतात. सत्तरीचे कुवेती गृहस्थ. त्यांचे वडील खजूर घेऊन मुंबईला यायचे, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलतात. गुरुवारी ते चित्र बघायला येणार होते.

चित्र गुंडाळून, पुठ्ठ्याच्या नळीत येतं. जुलैत इथे गाडीचं स्टेअरिंग फडक्याने धरावं लागतं, आणि ती नळी कस्टमच्या शेडमध्ये नऊ दिवस पडून होती. उन्हाने रंग मऊ पडतो. म्हणून आमचा रिवाज असा की नळी आली की एक दिवस एक रात्र एसीत ठेवायची आणि मगच उघडायची. हा रिवाज कुणी घातला? मीच. आणि मोडला कुणी? तोही मीच. नळी मंगळवारी आली. मला वाटलं, लाकूड तयार आहे, आज ताणलं तर उद्या पुन्हा एकदा ताण बघता येईल. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. चित्रावर घातलेला प्लास्टिकचा कागद ओढला आणि एका कोपऱ्यात चर्र आवाज झाला. रंग कागदाबरोबर निघून आला. खाली कोरं कापड. तळहात ठेवला तर बरोबर झाकली जाईल एवढी जागा.

मॅडम नव्हत्या. सुरेशसाहेबांना कंपनीने नोटीस दिली होती, त्यासाठी दोघं कुठेकुठे भेटायला गेले होते. मी त्या कोपऱ्यापुढे उकिडवा बसलो. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. मग चित्रासोबतच्या कागदावरचा म्हातारीचा फोटो समोर घेतला, म्हटलं त्या जागी काय होतं ते तरी बघावं. तर फोटोत चित्र धरताना तिचा हात नेमका तिथेच. तिच्या तळहाताखाली काय आहे ते दिसेना.

आणि मग माझा हात उठला. चौकटीचे रंग होतेच. ब्रशच्या उलट्या टोकाने ठिपका द्यायचा, ते मी तिचं बघून बघून शिकलो होतो. आजूबाजूच्या ओळी कुठून येतात, कुठे जातात ते बघितलं, आणि ज्या ओळी तुटल्या होत्या त्या जोडून दिल्या. त्रेचाळीस ठिपके. दोन तास लागले. मागे सरून बघितलं तर मला स्वतःलाच जागा सापडेना. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. वाटलं, साबीर, लेका, हात अजून शाबूत आहे तुझा. मॅडम परत आल्या आणि म्हणाल्या, काय सुंदर आहे हो. मी ब्रश धुवून ठेवला.

बुधवारी सकाळी नऊला कॉल लावला. म्हातारी त्या दिवशी थकलेली होती, तरी मला बघून हात हलवला. मी फोन चित्रावरून हळूहळू फिरवला. ती मान डोलवत होती. त्या कोपऱ्यावर आलो आणि तिची मान थांबली. म्हणाली, जवळ आण. आणखी जवळ. मग ती हळू आवाजात बोलली, आणि पोरगी अडखळत इंग्रजीत सांगू लागली. म्हातारी म्हणत होती की पाणी इथून वाहत नाही. इथे ते जमिनीखाली जातं आणि पलीकडे वर येतं. का जातं ते तुम्हाला सांगायचं नाही. पण इथे कुणीतरी ते वरून नेलंय. इथे कोण आलं होतं?

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तिने मुद्दाम तोडलेल्या ओळी मी शहाणपणाने जोडून ठेवल्या होत्या.

मॅडम पटकन म्हणाल्या, स्क्रीनवर नीट दिसत नसेल, उजेडाचा प्रश्न आहे. नेट गेल्यासारखं करून कॉल बंद केला. मग माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं आता बाई मला हाकलतील, आणि खरं सांगतो, हाकललं असतं तर बरं वाटलं असतं. त्या जमिनीवर बसल्या, भिंतीला टेकून. म्हणाल्या की महिनाअखेरीपर्यंत हे चित्र विकलं गेलं नाही तर जागेचा कुवेती मालक गॅलरी बंद करणार आहे. साहेबांची नोकरी गेली, आता गॅलरीही गेली तर महिन्याभरात सगळ्यांनी बॅगा भरायच्या. "तुमचा इकामासुद्धा ह्याच गॅलरीवर आहे, साबीरभाई," त्या म्हणाल्या. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो गेला की माझा, फरजानाचा आणि आमच्या अफ्रीनचाही गेला. अफ्रीन बारावीला. जन्म इथलाच, श्रीवर्धन तिला फोटोत माहीत. मग मॅडम म्हणाल्या, एकदाच. झाकली मूठ. परत कधी नाही.

रिग्गईला घरी आलो. फरजानाला सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं, भांडली नाही. भात वाढला, समोर बसली, आणि म्हणाली, "त्या बाईला फोन करा. तिच्याशी तरी खोटं नको." अफ्रीनने ऐकलं. इंग्रजीत म्हणाली की सिंपल आहे अब्बा, सॉरी म्हणा आणि परत पाठवा. या वयात सगळं सोपं असतं.

गुरुवारी सकाळी गॅलरीच्या जिन्यात उभं राहून मी केंद्राला फोन लावला. एकटाच होतो. त्या पोरीला म्हटलं, नानीला द्या. माझ्या तुटक्या इंग्रजीत सांगितलं की मी घाई केली, रंग निघाला, आणि ते ठिपके माझे आहेत. त्रेचाळीस. पोरीने तिला सांगितलं. म्हातारीने टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि बोलली. पोरगीही हळूच सांगत गेली.

"ती म्हणते, तुझा हात घाबरला होता. घाबरलेल्या हातावर ती रागावत नाही. पण ते असं कुणाच्या घरी जाऊ देऊ नकोस. गुंडाळ आणि तिच्याकडे पाठव. ती पाणी परत खाली नेईल, मग तुला पाठवेल. तेवढं तिच्याच्याने होईल."

मी म्हटलं, "पाठवतो, नानी. आजच."

तिने पोरीला काहीतरी विचारलं. पोरगी म्हणाली, ती विचारते की तुला मुलं आहेत का. मी सांगितलं, एक मुलगी. म्हातारी समाधानाने मान हलवत म्हणाली, मग तो पाठवेल.

मी वर गेलो तेव्हा हलका झालो होतो. मॅडमना सांगितलं की मी शब्द दिलाय. माझ्या गॅलरीत शब्द देणारे तुम्ही कोण, असं त्या म्हणाल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी चित्र उतरवलं, टेबलावर पालथं घातलं आणि मागचे खिळे काढायला लागलो. मॅडमनी मला अडवलं नाही, तेवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्या खिडकीशी उभ्या राहून रडत होत्या. त्यांनाही ते परत जायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. चार खिळे निघाले होते. सांगाड्याला एकूण साठ असतात. अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यात दार उघडलं आणि बू आदिल आत आले, एक तास आधी.

मी चित्र सुलटं करून त्यांच्यापुढे धरलं. दुसरं काय करणार होतो? ते जवळ आले, चष्मा वर केला, हात पाठीमागे बांधून पाचेक मिनिटं बघत राहिले. मॅडमनी कागद पुढे केला. त्यांनी तो घेतलाही नाही. कागद कोणीही छापतो म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"साबीर, तू बोल. अस्ली?"

हा शब्द अरबीतही तोच, हिंदीतही तोच. समजलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. बोलायला एक क्षण होता आणि तो मला पुरेसा होता, हे मी कबूल करतो. मला म्हातारीची मांडीवरची टोपी दिसली. अफ्रीनची वह्यापुस्तकं दिसली. मॅडमच्या हातातला तो कागद दिसला. त्या माणसाचा चेहरा इतका सरळ होता की खरं सांगितलं असतं तर त्याने कदाचित, कदाचित म्हटलं असतं की बरं, जाऊ दे तिकडे, मी थांबतो. हे तेव्हा सुचलं नाही असंही नाही. सुचलं.

मी म्हटलं, "अस्ली."

त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मी टेबलाशी जाऊन ते चार खिळे परत ठोकले. मग चित्र त्यांच्या गाडीत मीच नेऊन ठेवलं, कोपऱ्यांना स्पंजचे तुकडे लावून, नीट.

पुढच्या आठवड्यात केंद्रातल्या पोरीचा मेसेज आला. नळी निघाली का? नानी विचारते. मी लिहिलं, कस्टममध्ये आहे. दहा दिवसांनी पुन्हा विचारलं, पुन्हा कस्टम. तिसऱ्यांदा पोरीने फोटो पाठवला. खिडकीपाशी जमिनीवर चादर अंथरलेली, तिच्यावर रंगाच्या डब्या ओळीने, एक काडी, आणि मध्ये मोकळी जागा, चित्राएवढी. म्हातारीने सगळं मांडून ठेवलं होतं. पोरीने लिहिलं होतं की ती मशीनवरून उठली की थेट इथे येऊन बसते. मी त्या दिवशी काम केलं नाही. मॅडमपुढे फोन धरला. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मी बू आदिलशी बोलते, सवडीने बोलते. ती सवड काही झाली नाही. गॅलरी वाचली होती, साहेबांना सबाह अल-सालेममधल्या कुणाच्या तरी ओळखीने दुसरी नोकरी लागत होती, आणि वाचलेल्या माणसाला बुडालेल्याची आठवण नको असते. मी तरी काय वेगळा होतो? मीही उत्तर लिहिलं. कस्टम.

सप्टेंबरच्या शेवटी मेसेज आला तो मॅडमच्या मेलवर. म्हातारी गेली. खाली लिहिलं होतं की आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, त्याने त्याचा आत्मा अडकतो, घरच्यांना यातना होतात. घरचे सांगतील तोवर नाव उच्चारू नये, फोटो झाकावा. आणि शेवटी एक ओळ, साबीरला सांगा, चादर आम्ही अजून उचललेली नाही.

मॅडम धाय मोकलून रडल्या. खोटं नव्हतं ते रडणं. मग उठल्या आणि सगळं रीतीप्रमाणे केलं. भिंतीवरच्या फोटोवर पांढरं कापड घातलं. गॅलरीतल्या प्रत्येक पाटीवरून, वेबसाइटवरून, छापलेल्या पत्रकांवरून तिचं नाव काढलं. पत्रकांवर मी स्वतः पट्ट्या चिकटवल्या, दोनशे. गॅलरीत कुणी चुकून नाव घेतलं तर मॅडम हात जोडून थांबवायच्या. इतका नियमाने पाळलेला दुखवटा मी आमच्या नात्यातही बघितला नाही. आणि त्रेचाळीस ठिपक्यांबद्दल आम्ही दोघं एका अक्षराने बोललो नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा, फक्त आमचं तोंड आम्हीच दाबलं होतं.

मी एवढंच ठरवलं की निदान नाव तरी घ्यायचं नाही. चित्र पाठवता आलं नाही, नाव तोंडात धरता येईल. घरीही घेतलं नाही, नमाजात दुआ मागताना सुद्धा 'ती' म्हटलं. अल्लाला कळतं ती कोण.

जानेवारीत एका शुक्रवारी बू आदिलचा फोन आला. चित्र एका बाजूला कललंय, येऊन सरळ करून जा, जुम्याच्या नमाजानंतर ये, जेवूनच जा. त्यांच्या घरी पुरुषांच्या बैठकीची मोठी खोली आहे, दिवाणिया म्हणतात तिला. तिन्ही भिंतींना लागून गाद्या, मधोमध गालिचा, आणि समोरच्या भिंतीवर म्हातारीचा पाणवठा. दहा-बारा पाहुणे बसले होते. मी लेव्हल लावून चित्र सरळ केलं. बोटभर कललं होतं. मला वाटलं आता निघावं. पण त्यांनी मला हाताला धरून बसवलं, स्वतः कॉफीचा कप हातात दिला. नोकरमाणसाला असा मान कुणी देत नाही. पाहुण्यांना अरबीत सांगायला लागले, आणि सव्वीस वर्षांत तेवढं अरबी मला येतं. म्हणाले, कागदावर माझा भरवसा नाही. मी याला विचारलं. हा माणूस खोटं बोलत नाही.

मग ते उठून चित्रापाशी गेले. सगळ्यांना दाखवू लागले, हे खडक, ही वाळू, हे पाणी. आणि त्या कोपऱ्याशी थांबले. म्हणाले, मला सगळ्यात आवडतं ते हे. बघा, इथे पाणी कसं सलग वाहतं, कुठे अडत नाही. रोज सकाळी मी इथे बघतो आणि मन शांत होतं. एक म्हातारा पाहुणा उठला आणि त्या जागेवर त्याने तळहात धरला, चित्रापासून इंचभर लांब. तळहाताने जागा बरोबर झाकली गेली.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, हे काढलं कुणी? बू आदिलनी नाव सांगायचा प्रयत्न केला. त्यांच्या जिभेला ते येईना. दोनदा चुकले, हसले, आणि माझ्याकडे वळले.

"साबीर, तू बोल. तेरेको बराबर आता है."

सगळे माझ्याकडे बघत होते. कॉफीचा कप माझ्या हातात होता आणि हात हलत नव्हता, माझा हात कधीच हलत नाही. मी म्हणू शकत होतो, हे नाव आता घ्यायचं नसतं. मग त्यांनी विचारलं असतं, का? मग सांगावं लागलं असतं की ती गेली. मग ते म्हणाले असते, तिचं शेवटचं चित्र माझ्याकडे आहे. आणि मग मला सांगावं लागलं असतं की ते कुठे जायचं होतं, आणि तिथे कुठली चादर अंथरली होती. एका नावामागून सगळंच बाहेर आलं असतं. तेव्हा मी नाव घेतलं. स्वच्छ, खणखणीत, ती स्वतः घ्यायची तसं, मधला सूर वर नेऊन.

पाहुण्यांना ते आवडलं. त्यांनी एकेकाने ते म्हणून बघितलं, गादीवरून गादीवर, हसत, पुन्हा पुन्हा. ज्यांचं चुकलं त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी ते दुरुस्त करून दिलं.